जगद्गुरू श्री संत तुकाराम महाराज : प्रपंचातील सचोटी

पुण्याच्या वायव्येस सुमारे ३० किलोमीटर अंतरावर, इंद्रायणी नदीच्या तीरावर श्री क्षेत्र देहू वसलेले आहे. आषाढी वारीच्या प्रस्थानाला, फाल्गुनातील बीजेला आणि एरव्ही दर एकादशीला येथे भाविकांची दाटी असते. येणाऱ्यांपैकी बहुतेक जण संसारी असतात. कोणाचे दुकान, कोणाची शेती, कोणाची नोकरी. पाठीमागे कर्जाचे हप्ते, मुलाबाळांची शिक्षणे, लेकीचे लग्न. ज्या सत्पुरुषाच्या दर्शनासाठी ही मंडळी येतात, तो पुरुषही संसारीच होता. त्याचेही दुकान होते, शेती होती, सावकारी होती आणि चुलीपाशी भुकेली मुले होती. महाराजांच्या चरित्रातील चमत्कार महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहेत. त्यांच्या तराजूची, कर्जखतांची आणि घरातील ओढाताणीची हकिकत त्या मानाने कमी सांगितली जाते. प्रस्तुत चरित्रात तिलाच अधिक जागा दिली आहे.

घराणे व महाजनकी

महाराजांचे कूळ मोरे, आडनाव आंबिले. घराण्याचे मूळपुरुष विश्वंभरबाबा हे पंढरीचे निष्ठावंत वारकरी होते. त्यांच्या भक्तीने संतुष्ट होऊन श्री विठ्ठल-रखुमाई देहूच्या आंबराईत प्रकट झाले आणि बाबांनी त्या मूर्ती आणून घरच्या देवालयात स्थापन केल्या, अशी परंपरेची श्रद्धा आहे. त्यांचे पुत्र हरी व मुकुंद यांनी शिपाईगिरी पत्करली व दोघेही लढाईत कामी आले. त्यानंतर घराणे पुन्हा देहूस स्थिरावले आणि शेती, व्यापार व देवाची सेवा एवढ्यातच रमले.

महाराजांचा जन्म माघ शुद्ध पंचमीचा मानतात. वर्षाविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी इ.स. १६०८ हे वर्ष सर्वाधिक प्रचलित आहे. वडील बोल्होबा, आई कनकाई, थोरले बंधू सावजी आणि धाकटे कान्होबा. घराण्याकडे देहूच्या पेठेची महाजनकी होती. महाजन म्हणजे पेठेचा वतनदार. बाजारातील देवघेव सुरळीत चालावी, सरकारचे येणे वेळेवर जमा व्हावे, व्यापाऱ्यांतील तंटे मिटावेत, हे त्याचे काम. ज्याच्याकडे ही महाजनकी, त्याच्या शब्दाला बाजारात किंमत असे, आणि त्याचे स्वतःचे माप खोटे निघाले तर साऱ्या पेठेचा विश्वास उडे. त्याखेरीज घरची शेती होती, वाण्याचे दुकान होते आणि गरजूंना धान्य व पैसा कर्जाऊ देण्याचा व्यवहारही होता.

बोल्होबा थकले तेव्हा रिवाजाप्रमाणे कारभार सावजींकडे जावयाचा. परंतु ते वृत्तीने विरक्त असल्यामुळे त्यांनी नकार दिला आणि अवघ्या तेराव्या वर्षी तुकोबांच्या हाती किल्ल्या आल्या. जमाखर्च, उधारी, मालाची पारख या गोष्टी त्यांनी लवकरच आत्मसात केल्या. पुढील आयुष्यात त्यांच्या अभंगांत माप, तराजू, भांडवल, व्याज, मुद्दल, दिवाळे हे शब्द इतक्या सहजतेने येतात, याचे कारण या वर्षांत आहे. पहिली पत्नी रखमाबाई दम्याने आजारी असे. म्हणून वडिलांनी पुण्याच्या आप्पाजी गुळवे या सावकाराची कन्या जिजाबाई हिच्याशी त्यांचा दुसरा विवाह करून दिला. हीच पुढे अवली या नावाने प्रसिद्ध झाली.

सतराव्या वर्षी आई-वडिलांचे छत्र हरपले. पुढच्याच वर्षी सावजींची पत्नी वारली व सावजी तीर्थयात्रेस निघून गेले, ते परत संसारात आले नाहीत. अठरा वर्षांच्या तरुणावर दोन पत्नी, लहान मूल, धाकटा भाऊ, नोकरमाणसे, गुरेढोरे, पेठेची जबाबदारी आणि देवालयाची पूजाअर्चा असा भार एकट्यावर पडला. तरीही दोन-तीन वर्षे त्यांनी तो नेटाने वाहिला. महाराज जन्मतःच व्यवहारशून्य होते असा जो एक समज रूढ झाला आहे, त्याला चरित्रात आधार सापडत नाही.

दुष्काळ

शके १५५१-५२ (इ.स. १६२९ ते १६३१) या काळात दख्खन व गुजरात येथे पावसाने दगा दिला आणि महाराष्ट्राच्या इतिहासातील अत्यंत भीषण दुष्काळांपैकी एक उद्भवला. त्यातच मोगल, निजामशाही व आदिलशाही यांच्या फौजा मुलुख तुडवीत होत्या. याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळून उद्ध्वस्त केले व तेथे गाढवाचा नांगर फिरवला. म्हणजे अवलीचे माहेरगावही सुटले नाही. शाहजहानच्या दरबारातील इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने पादशाहनाम्यात या दुष्काळाचे वर्णन केले आहे. त्यात मेलेल्यांची हाडे कुटून पिठात मिसळली जात व ते पीठ विकले जाई, असे नमूद आहे. माणसांच्या उपासमारीने धान्याच्या बाजाराची कोणती गत झाली, ते या एका नोंदीवरून समजते.

ज्याच्या घरी धान्याची कोठारे आहेत, त्याच्यासाठी अशी वेळ मोठ्या नफ्याचीही असते. भाव दिवसागणिक चढतो. आज न विकलेले पोते उद्या दुपटीने जाते. तुकोबांनी ही संधी साधली नाही. घरातील धान्य त्यांनी भुकेल्यांसाठी मोकळे केले, असे परंपरा सांगते. दुसऱ्या बाजूने दिलेली कर्जे येईनाशी झाली. सावकाराची संपत्ती ही दुसऱ्यांच्या घरात असते, आणि ती घरेच ओस पडली तर त्याच्या तिजोरीत कागद तेवढे उरतात. गुरे मेली, मालाची ने-आण थांबली, दुकान बसले आणि महाजनाचे दिवाळे वाजले. रखमाबाई अन्नावाचून गेली. पाठोपाठ लहानगा संतोबाही गेला. स्वतः महाराजांनी एका आत्मचरित्रपर अभंगात हे सारे फार थोड्या शब्दांत नोंदविले आहे. दुष्काळाने द्रव्य आटले, मान गेला, बायको अन्न अन्न करीत मेली, लाज वाटली, व्यवसाय तुटीत गेला, एवढाच त्याचा आशय. त्यात कोठेही कोणाला दोष दिलेला नाही, आणि स्वतःच्या औदार्याचा उल्लेखही नाही.

यानंतरही त्यांनी व्यापार पुन्हा उभा करण्याचा प्रयत्न केला. नातलगांनी व व्यापाऱ्यांनी भांडवल दिले. ओझ्याचे बैल घेऊन ते गावोगाव हिंडले. या काळातील काही कथा संतचरित्रकार महिपतीबुवा ताहराबादकर यांनी इ.स. १७६२ मधील भक्तविजयात व इ.स. १७७४ मधील भक्तलीलामृतात दिल्या आहेत. महिपतीबुवा महाराजांच्या नंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी लिहीत होते, हे ध्यानी घेऊनच त्या वाचाव्यात. कोकणात मिरची विकावयास गेले असता माप गिऱ्हाइकाच्याच हाती देऊन महाराज नामस्मरणात बसले, आणि लोकांनी मनाला येईल तसे मोजून नेले. परतताना एका ठकाने सोन्याचा मुलामा दिलेली पितळी कडी सोन्याची म्हणून त्यांच्या गळ्यात मारली. घरी आल्यावर बाजारभर हसे झाले. हीच व्यक्ती काही वर्षांपूर्वी पेठेचे व्यवहार पाहत होती, हे लक्षात घेतले म्हणजे या कथांतील भोळेपणा निराळा वाटू लागतो. ज्याने हाडे मिसळलेल्या पिठाचा बाजार पाहिला, त्याचे मन समोरच्या माणसावर संशय घेण्याच्या कामातून उठून गेले असावे.

भामचंद्र आणि इंद्रायणीतील कागद

घरातील मृत्यू, कर्ज, लोकनिंदा यांनी त्रासून महाराज चाकण परिसरातील भामचंद्र डोंगरावर गेले. तेथे पंधरा दिवस एकांतात राहिले व त्यांना साक्षात्कार झाला, असे मानतात. घरी शोधाशोध चालली होती. कान्होबा रानोमाळ हिंडून अखेर डोंगरावर पोहोचले आणि भावाला घेऊन खाली आले. इंद्रायणीकाठी येताच महाराजांनी घरातील कर्जखते आणावयास सांगितली.

ही खते म्हणजे घराण्याची शेवटची दौलत होती. दुष्काळ ओसरल्यावर पाऊसपाणी होऊ लागले होते. ज्यांनी कर्ज घेतले ते हळूहळू सावरत होते. खते घेऊन एकेकाच्या दारात उभे राहिले असते, तर कोणाचा बैल, कोणाचे शेत, कोणाच्या बायकोचा डाग घरात आला असता, आणि ते कायदेशीरच ठरले असते. वसुली करणे हा सावकाराचा हक्क होता. रिवाजही तसाच होता. परंतु ज्या दुष्काळाने तुकोबांची पत्नी नेली, त्याच दुष्काळाने ऋणकोच्या घरीही माणसे नेली होती. अशा घरातून मुद्दल व व्याज काढून आणणे त्यांच्या मनाला पटेना. महाराजांनी सर्व कागद नदीत सोडण्याचा निश्चय केला.

कान्होबांना हे मान्य नव्हते. त्यांचे म्हणणे रास्त होते. तुम्ही विरक्त झालात, परंतु माझ्यामागे माणसे आहेत, त्यांनी काय खावे, हा त्यांचा प्रश्न होता. येथे महाराजांनी जे केले, ते त्यांच्या चरित्रात फार महत्त्वाचे आहे. त्यांनी धाकट्या भावाला उपदेश केला नाही. कागदांच्या दोन वाटण्या केल्या. अर्धे कान्होबांच्या हाती दिले आणि त्यांना वेगळे राहून आपला संसार आपल्या बुद्धीने करण्याची मोकळीक दिली. उरलेले अर्धे, जे निर्विवादपणे स्वतःचे होते, तेवढेच इंद्रायणीत सोडले. दुसऱ्याच्या हिश्श्यातून पुण्य करण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. एकत्र कुटुंबातील थोरल्या भावाला तर तो अधिकारच वाटतो. महाराजांनी दान करण्याआधी हिशेब केला.

त्यानंतर त्यांनी हाती घेतलेले पहिले काम म्हणजे विठ्ठलाच्या जीर्ण देवालयाची डागडुजी. जवळ पैसा नव्हता. तेव्हा त्यांनी स्वतः दगड वाहिले, माती कालवली व भिंती उभ्या केल्या. देवालयास देणगी देणाऱ्या दात्यांनी हे अवश्य लक्षात ठेवावे की, देहूच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला महाराजांकडून मिळाली ती अंगमेहनतच होती. एकादशीला कीर्तन करावे, ध्रुपद धरावे, सकाळी भंडारा डोंगरावर जाऊन ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ यांचे ग्रंथ अभ्यासावेत, असा त्यांचा क्रम सुरू झाला. पुढे माघ शुद्ध दशमीस, गुरुवारी, स्वप्नात बाबाजी चैतन्य यांचा अनुग्रह झाला. नामदेवरायांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन अभंगरचनेची आज्ञा केली. येथून पुढचे अभंगवाणीचे कार्य सर्वश्रुत आहे.

अवलीची चूल

कागद बुडाले, परंतु संसार बुडाला नव्हता. अवली होती. काशी, भागीरथी, गंगा या मुली व महादेव, विठोबा हे मुलगे होते. महाराजांनी संन्यास घेतला नाही, घर सोडले नाही. मिळेल ते काम ते करीत. एका शेतकऱ्याने त्यांना जोंधळ्याच्या शेताची राखण करण्यास ठेवले. दाणे टिपणाऱ्या पाखरांना हाकलण्यास त्यांचे मन धजेना, आणि पीक फस्त झाले. शेतकऱ्याने पंचांपुढे तक्रार नेली. महाराजांनी नुकसानीची जबाबदारी नाकारली नाही. भरपाई लिहून दिली. पुढे मळणीत धान्य अपेक्षेहून कितीतरी अधिक निघाले. ते जादा धान्य पंचांनी महाराजांना देऊ केले, तेव्हा त्यांनी ते घेतले नाही. अखेर गावच्या कुलकर्ण्यांनी ते देवालयाच्या कामी लावले, अशी कथा आहे. कथेतील अद्भुत भाग बाजूला ठेवला, तरी पाखरांवरची दया करताना धन्याचे नुकसान होते आणि ते भरून देणे आपल्याकडे लागते, ही जाणीव त्यात आहे.

घरातील नुकसान मात्र अवली सोशीत होती. ती सावकाराची लेक. माहेरी भरलेले घर पाहिलेली. सासरी येऊन दुष्काळ, दिवाळे आणि सवतीचा अन्नावाचून झालेला मृत्यू तिने पाहिला. ती तोंडाने फटकळ होती, देवाला काळ्या म्हणून शिव्या देई, नवऱ्यावर चिडे. कीर्तनकारांनी तिच्या या रागावर श्रोत्यांना पुष्कळ हसविले आहे. परंतु याच अवलीचा एक नेम होता. महाराज भंडाऱ्यावर भजनात गढलेले असताना ती भाकरी घेऊन डोंगर चढे, आणि त्यांना जेवू घातल्यावाचून स्वतः जेवत नसे. एकदा वाटेत तिच्या पायात काटा रुतला आणि स्वतः पांडुरंगाने तो काढला, असे वारकरी सांगतात. ज्याला ती शिव्या देई त्यानेच तिचा पाय हाती घेतला, ही कल्पना ज्या भक्तांनी रचली व जपली, त्यांना अवलीची योग्यता कळली होती.

महाराज आणि अवली यांच्यातील ओढाताणीच्या कथा अनेक आहेत. एका शेतकऱ्याने उसाची मोळी दिली. वाटेत पोरांनी मागितला आणि महाराज देत गेले. घरी पोहोचला तो एकच ऊस. संतापून अवलीने तो त्यांच्या पाठीत मारला व त्याचे तुकडे झाले. आणखी एकदा तिचे वाळत घातलेले लुगडे त्यांनी एका उघड्या स्त्रीला देऊन टाकले. अवलीजवळ दुसरे धड वस्त्र नव्हते.

यांतील सर्वांत बोलकी कथा कर्जाची आहे. संसार चालेना, तेव्हा अवलीने आपली पत घालून, स्वतःच्या नावावर खत लिहून देऊन २०० रुपये उभे केले व ते भांडवल नवऱ्याच्या हाती दिले. महाराज माल घेऊन बालेघाटाकडे गेले. या खेपेस व्यापार चोख झाला आणि २०० चे २५० झाले. परतताना वाटेत कर्जापायी अडकवून ठेवलेला एक गरीब ब्राह्मण भेटला. त्याची अवस्था पाहून महाराजांनी मुद्दल व नफा सारे देऊन त्याची सुटका केली, आणि रिकाम्या हाताने घरी आले. देणे ज्याचे फिटले तो सुटला. अवलीच्या नावचे खत मात्र तसेच राहिले.

ऋणात अडकलेल्या माणसाविषयी महाराजांच्या मनात जो कळवळा होता, तो इंद्रायणीकाठी दिसला होता, तोच येथेही दिसतो. परंतु तेथे कान्होबांचा हिस्सा आधी वेगळा काढला गेला होता. अवलीचा हिस्सा कोणी वेगळा काढला नाही. त्या काळी पत्नीचा वाटा पतीच्या वाट्यातच धरीत, हे खरे. तरीही तिचे रागावणे हा केवळ स्वभावदोष नव्हता, एवढे म्हणणे भाग आहे. दोन सत्ये एका छताखाली नांदत होती. दारी आलेल्याला नाही म्हणू नये हे एक, आणि घरातल्या लेकरांना उपाशी ठेवू नये हे दुसरे. महाराजांनी पहिले सांभाळले; दुसरे सांभाळण्याचे काम अवलीने केले. महाराजांनी तिला टाकले नाही, आणि तिनेही त्यांना टाकले नाही. घर मोडून मोकळे होणे दोघांनाही शक्य होते. सावजींनी ते केलेच होते, आणि अवलीला पुण्यास माहेर होते.

मुलींची लग्नेही याच वृत्तीने झाली. हुंडापांडा, थाटमाट करण्याची ऐपत नव्हती व इच्छाही नव्हती. महाराजांनी मोझे, गाडे व जांभूळकर या घरची मुले पाहून साधेपणाने विवाह उरकले.

शेजारी, विरोधक आणि राजा

देवालयालगत मंबाजी गोसावी याची बाग होती. त्याने बागेभोवती घातलेली काट्यांची कुंपणे प्रदक्षिणेच्या वाटेवर आली होती. महाराजांच्या म्हशीने बागेत शिरून नासधूस केल्याचा रागही त्याच्या मनात होता. एकादशीला येणाऱ्या भाविकांच्या पायांत काटे मोडू नयेत म्हणून महाराजांनी फांद्या बाजूला केल्या, तेव्हा मंबाजीने त्याच काटेरी फांद्यांनी त्यांना मारले. रात्री कीर्तनास मंबाजी आला नाही. महाराज स्वतः त्याच्याकडे गेले, मारून मारून त्याचे हात दुखले असतील म्हणून त्याचे अंग चेपले आणि त्याला कीर्तनास घेऊन आले. तात्पर्य काढण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी. महाराजांनी क्षमा केली. परंतु वाटेवरचे काटे आधी दूर केले होते, आणि ते पुन्हा घातले नाहीत.

वाघोलीचे रामेश्वर भट्ट यांनी शूद्राने वेदार्थ बोलू नये या आक्षेपावरून अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडविण्यास सांगितले. महाराजांनी वह्या बुडविल्या व नदीकाठच्या शिळेवर तेरा दिवस अन्नपाण्यावाचून धरणे धरले. तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या, अशी भाविकांची श्रद्धा आहे. पुढे रामेश्वर भट्ट महाराजांचे शिष्य झाले. ज्या नदीत सावकारीचे कागद कायमचे गेले, त्याच नदीने अभंगांचे कागद परत दिले, असे देहूकर आजही अभिमानाने सांगतात. अभंग लिहून ठेवण्याच्या कामी चाकणचे संताजी महाराज जगनाडे आणि गंगारामबुवा मवाळ यांचे साहाय्य झाले. यांपैकी संताजी तेलाचा धंदा करणारे होते. शिऊरच्या बहिणाबाईंना महाराजांचा स्वप्नात अनुग्रह झाला.

कीर्ती वाढली तसे देणारेही वाढले. येथे महाराजांचा जुना वाणी जागा असल्याचे दिसते. कशाचे मोल घ्यावे आणि कशाचे घेऊ नये, याचा त्यांचा नियम पक्का होता. धन मिळवू नये, असे त्यांनी संसारी माणसाला कधीच सांगितले नाही. उत्तम व्यवहाराने धन जोडावे व उदासपणे खर्चावे, परोपकार करावा, परनिंदा टाळावी, हीच त्यांची शिकवण आहे. खोटे माप, खोटी साक्ष, मुलीच्या लग्नात पैसे घेणे यांवर मात्र त्यांनी कडक प्रहार केले. कीर्तनाच्या बाबतीत तर त्यांचा दंडक आणखी कठोर होता. ज्या घरी कीर्तन करावे तेथे जेवू नये, बुक्का व माळ स्वीकारू नये, बैल-घोड्यासाठी दाणावैरणही घेऊ नये, असे त्यांनी सांगितले आहे. मिरचीचे मोल घेता येते. हरिकथेचे घेता येत नाही.

तरुण शिवाजी महाराजांनी तुकोबांची कीर्ती ऐकून दिवट्या, छत्री, घोडे व जवाहीर पाठविले, अशी परंपरा आहे. तुकोबांनी तो नजराणा परत केला. ज्या घरात लेकरांना पोटभर भाकरी मिळण्याची भ्रांत, त्या घराच्या उंबरठ्यावरून जवाहीर माघारी गेले. यानंतर शिवाजी महाराज स्वतः दर्शनास आले व कीर्तनास बसत असत. त्यांच्या मनात वैराग्य येऊ लागले, तेव्हा तुकोबांनी त्यांना राज्यकारभार सोडू दिला नाही, क्षात्रधर्म सांभाळण्यास सांगितले, असे महिपतीबुवा वर्णितात. ज्याचे जे काम आहे ते त्याने नीट करावे, हे त्यांचे मत राजालाही लागू होते.

वैकुंठगमन आणि त्यानंतर

शके १५७१, फाल्गुन वद्य द्वितीया (इ.स. १६५०) या दिवशी महाराजांनी वैकुंठगमन केले. वय अवघे ४१-४२ वर्षांचे होते. अवली त्या वेळी गरोदर होती. भाऊ गेल्यावर कान्होबांनी जो शोक केला, तो त्यांच्या अभंगांतून व्यक्त झाला असून ते अभंग गाथेत समाविष्ट आहेत. ज्याने आपला अर्धा वाटा मागून घेतला होता, त्याच भावाचा तो शोक असल्यामुळे तो विशेष हृदयस्पर्शी वाटतो.

अवलीला पुत्र झाला. तेच नारायण महाराज होत. वडिलांना त्यांनी पाहिले नव्हते; आईच्या तोंडून ऐकले असतील तेवढेच. याच नारायण महाराजांनी इ.स. १६८५ मध्ये तुकोबांच्या पादुका पालखीत घेऊन आषाढी वारीस जाण्याची प्रथा सुरू केली. पुढे छत्रपतींच्या घराण्याकडून देहूच्या देवस्थानास इनामे मिळाली. वडिलांनी नजराणा परत केला आणि मुलाच्या काळात इनाम स्वीकारले गेले, याची कोणी टीकाही करील. परंतु ते उत्पन्न एका घराच्या चुलीसाठी नव्हते, देवाच्या पूजेअर्चेसाठी व वारीसाठी होते.

देहूस आलेल्या भाविकांनी श्री विठ्ठल-रखुमाईचे मुख्य मंदिर, धरण्याची शिळा असलेले शिळा मंदिर (नवीन वास्तूचे लोकार्पण जून २०२२), इंद्रायणीचा घाट आणि वैकुंठगमन स्थान येथील नांदुरकीचा वृक्ष यांचे दर्शन घ्यावे. सवड असल्यास भंडारा डोंगर अवश्य चढावा. भामचंद्र व घोराडेश्वर ही महाराजांच्या चिंतनाची अन्य दोन स्थाने आहेत. तुकाराम बीजेस दुपारी नांदुरकीच्या वृक्षाजवळ कीर्तन होऊन पुष्पवृष्टी केली जाते. पालखीचे प्रस्थान दरवर्षी ज्येष्ठ वद्य सप्तमीस होते.